क्रिएटिनिन किती आहे?

रात्रीचे साडेअकरा. सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर मी बाबांची फाइल घेऊन उभा, आणि आतला टेक्निशियन अर्धं दार उघडून विचारतोय, "क्रिएटिनिन किती आहे?"

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. संध्याकाळी आईला त्यांची पोटरी सुजलेली दिसली, जेवणानंतर त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टरांना शंका आली की पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली असावी. खात्री करायची तर छातीचा सीटी, आणि तोही डाय टाकून. फाइलमधला आकडा होता १.८.

"जास्त आहे," टेक्निशियन म्हणाला. "डॉक्टरांशी बोलून घ्या आणि इथे सही करा."

आपल्या धंद्यात 'आय अ‍ॅग्री' वर क्लिक करायची सवय इतकी जुनी की वाचतं कोण! पण त्या रात्री मी तो कागद दोनदा वाचला. डायमुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हे मला समजलं आहे, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. बाबांची मूत्रपिंडं आधीच थोडी कमजोर. ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंना विचारलं, "डाय न टाकता नाही का होणार?"

"होईल की. पण मग गुठळी बहुधा दिसणार नाही. साध्या सीटीत रक्त आणि गुठळी जवळपास सारखीच दिसतात. किडनी आपण सलाईन देऊन सांभाळू. गुठळी असेल आणि आपल्याला कळलीच नाही, तर सांभाळायला वेळ मिळणार नाही."

सही केली. पुढचं शेवटी सांगतो. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात घर करून राहिला: एवढी करोडोंची मशीन, आणि तरी दिसायला शिरेत औषध का टोचावं लागतं? गेले दोन-तीन वीकांत त्यावर वाचण्यात गेले. मशीनचा इतिहास बराच लिहिला गेलाय. डायचा इतिहास मात्र फारसा कुणाला माहीत नसतो, आणि मला तो जास्त रंजक वाटला. रंजक आणि थोडा भीतीदायक.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. ८ नोव्हेंबर १८९५, जर्मनीतलं वुर्झबुर्ग, विल्हेल्म रोंटगेन आणि त्याला दिसलेले अनोळखी किरण. त्याच डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला: हाडं, बोटातली अंगठी आणि मांसाची नुसती अंधुक सावली. जगभर खळबळ उडाली. पण त्या फोटोतच या तंत्राची मर्यादाही होती. हाडं दिसली, कारण त्यात कॅल्शियम असतं आणि कॅल्शियम क्ष-किरण अडवतं. फुप्फुसांत हवा भरलेली असते म्हणून ती काळी दिसतात, आणि त्या काळ्यावर क्षयाचा डाग उठून दिसतो. पण रक्त, रक्तवाहिनीची भिंत, मूत्रपिंड हे सगळं क्ष-किरणांच्या लेखी जवळपास पाणीच. पाण्यात पाणी कसं दिसणार?

यावरचा उपाय डोक्यात यायला महिनाही लागला नाही. जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेंथाल या दोघांनी एका कापलेल्या हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना, पारायुक्त हिंगूळ आणि पेट्रोलियम यांचं मिश्रण भरलं आणि ५७ मिनिटं क्ष-किरण सोडले. बोटांच्या टोकांपर्यंतच्या रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या स्पष्ट उमटल्या. तत्त्व सिद्ध झालं: जे दिसत नाही त्यात दिसणारं काहीतरी भरा. अडचण एवढीच की हात मेलेला होता. जिवंत माणसाच्या रक्तात पारा भरता येत नाही.

पुढची तीस वर्षं सगळे याच अडचणीशी झगडत होते. दिसलं पाहिजे, पण माणूस जगला पाहिजे.

पहिला नंबर लागला मूत्रपिंडाचा. मुतखडा कॅल्शियमचा असेल तर साध्या एक्स-रेतही दिसतो. ग्लासगोच्या जॉन मॅकिंटायरने १८९६ मध्येच तसा फोटो काढला होता. पण मूत्रपिंडाचा आतला आकार, मूत्रनलिका कुठे अडलीय, हे कसं बघणार? १९०६ मध्ये जर्मनीत फोल्कर आणि फॉन लिश्टेनबेर्ग यांनी लघवीच्या मार्गातून उलटी नळी घातली आणि तिच्यातून चांदीचं द्रावण वर सोडलं. चित्र आलं. पण त्या चांदीने मूत्रपिंडांना इजा व्हायची, काही रुग्ण दगावलेही.

मग १९२३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एक गंमत झाली. त्या काळी सिफिलिसवर सोडियम आयोडाइड द्यायचे. अर्ल ऑस्बर्न नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या एक्स-रेत मूत्राशय दिसतंय. आयोडिन हे जड मूलद्रव्य, अणुक्रमांक ५३. (कॅल्शियमचा २०. क्ष-किरण अडवण्याची ताकद अणुक्रमांकाबरोबर झपाट्याने वाढते.) आणि शरीर ते आयोडिन लघवीवाटे बाहेर टाकत होतं. म्हणजे उलटी नळी घालायची गरजच नाही! शिरेत टोचा, मूत्रपिंडं स्वतःच ते गोळा करतील आणि स्वतःचंच चित्र काढून देतील. फक्त सोडियम आयोडाइडचं हे चित्र फार पुसट यायचं, आणि ठळक यायला हवं तेवढा डोस शरीराला झेपायचा नाही.

इथे मोझेस स्विक येतो. न्यूयॉर्कचा हा तरुण डॉक्टर १९२८ मध्ये शिष्यवृत्तीवर जर्मनीत हॅम्बुर्गजवळ आल्टोनाला गेला. बर्लिनच्या बिंझ आणि रेट या रसायनशास्त्रज्ञांनी जंतुसंसर्गावर औषध म्हणून काही आयोडिनयुक्त संयुगं बनवली होती. स्विकच्या मनात आलं, यात आयोडिन आहे, ते सेंद्रिय रेणूत घट्ट बांधलेलं आहे आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतंय. मग याचं चित्र का येऊ नये? आधी सशांवर, मग रुग्णांवर प्रयोग करत, कमी विषारी संयुग शोधत तो युरोसिलेक्टानपर्यंत पोचला. शेवटचं काम बर्लिनमध्ये फॉन लिश्टेनबेर्गच्या विभागात झालं, १९२९ मध्ये म्युनिकच्या परिषदेत ते जाहीर झालं, आणि श्रेय मोठ्या साहेबांना गेलं. कनिष्ठाने कोड लिहावा आणि डेमो मॅनेजरने द्यावा, हा प्रकार फार जुना आहे, मंडळी :) स्विकला त्याचा मान मिळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

आपल्याकडे वीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांना मुतखडा झाला असेल त्यांना आयव्हीपी ही तपासणी आठवत असेल. आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध, सकाळी उपाशीपोटी जायचं, इंजेक्शन आणि मग दर काही मिनिटांनी एकेक एक्स-रे. ती म्हणजे स्विकचीच तपासणी. आता तिची जागा बहुतेक ठिकाणी सोनोग्राफी आणि सीटीने घेतलीय.

आता रक्तवाहिन्या. लिस्बनमध्ये एगास मोनीश हा मज्जातंतूंचा डॉक्टर मेंदूतल्या गाठी शोधायच्या मागे लागला होता. गाठीमुळे आजूबाजूच्या रक्तवाहिन्या सरकत असणार, त्या दिसल्या तर गाठ कळेल, असा त्याचा विचार. पहिल्यांदा त्याने स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरलं. त्यात एक रुग्ण दगावला. मग तो सोडियम आयोडाइडकडे वळला आणि २८ जून १९२७ ला जिवंत माणसाच्या मेंदूच्या धमन्यांचं पहिलं नीट चित्र मिळालं. त्याच शहरात १९२९ मध्ये रेनाल्दो दुश सांतुश याने पाठीतून सुई घालून थेट महाधमनीत डाय सोडला, आणि पोटातल्या व पायांच्या धमन्या दिसायला लागल्या.

त्याच १९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावात पंचवीस वर्षांच्या वेर्नर फोर्समानने वरिष्ठांनी मनाई केलेली असताना स्वतःच्या हाताच्या शिरेत एक नळी घुसवली आणि ती ६५ सेंटिमीटर आत सरकवली. नळी हृदयात लोंबकळत असताना तो जिने उतरून एक्स-रे विभागात गेला आणि तिथे पुरावा म्हणून फोटो काढून घेतला. ती नळी मुळात मूत्रनलिकेत घालायची होती! शाबासकीऐवजी त्याच्या वाट्याला टवाळी आली, आणि पुढे तो मूत्ररोगांचाच डॉक्टर झाला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं, ते कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासोबत. त्या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नळीचं रूपांतर रीतसर तपासणीत केलं होतं.

आता या गोष्टीतला भीतीदायक भाग.

सोडियम आयोडाइड टोचलं की आग व्हायची, झटके यायचे. सगळ्यांना काहीतरी सौम्य हवं होतं. १९३० च्या सुमारास जर्मनीत थोरोट्रास्ट बाजारात आलं. थोरियम डायऑक्साइडचे बारीक कण पाण्यात मिसळलेले. थोरियमचा अणुक्रमांक ९०, त्यामुळे चित्र लख्ख. टोचताना दुखत नाही, उलटी नाही, ताप नाही. मोनीशही १९३१ पासून तेच वापरायला लागला. त्या दिवसापुरतं बघितलं तर तोवरचा सर्वांत चांगला डाय हाच.

फक्त तो शरीरातून बाहेर पडत नसे. मूत्रपिंडांना ते कण गाळता येत नाहीत. ते यकृतात, प्लीहेत आणि हाडांच्या मगजात जाऊन बसत, आणि थोरियम किरणोत्सारी. त्याचं अर्धायुष्य आहे सुमारे १४०० कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयापेक्षाही थोडं जास्त. धोका अगदीच कुणाला ठाऊक नव्हता असंही नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९३२ मध्येच सावध केलं होतं. पण रुग्ण टेबलावरून उठून ठणठणीत घरी जात होते. पंधरा-वीस वर्षांनी काय होईल याचा हिशोब कोण ठेवणार? १९४७ मध्ये थोरोट्रास्ट टोचलेल्या रुग्णाला यकृताचा कर्करोग झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. मग आणखी नोंदी आल्या. १९५० च्या दशकात वापर थांबत गेला, तोवर जगभर लाखो लोकांना ते टोचून झालं होतं. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल आणि जपानमध्ये या रुग्णांवर पुढे कित्येक दशकं नजर ठेवली गेली, आणि यकृताच्या कर्करोगाचं त्यांच्यातलं प्रमाण बघून शंकेला जागा उरली नाही.

हे वाचताना मला आपलं डीबगिंग आठवलं. प्रोग्रॅममध्ये काय चाललंय दिसत नसलं की आपण मध्ये मध्ये प्रिंट स्टेटमेंट टाकतो. दिसतं. बग सापडतो. पण ती स्टेटमेंट्स काढून न टाकता कोड प्रॉडक्शनला गेला तर? डिस्क भरते, सर्व्हर रडतो, आणि सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही की हे कुणी आणि कशासाठी टाकलं होतं. थोरोट्रास्ट म्हणजे माणसाच्या यकृतात कायमचं राहून गेलेलं डीबग स्टेटमेंट. डाय निवडताना 'किती छान दिसतंय' एवढंच विचारून चालत नाही. 'बाहेर कसा पडणार' हेही तितक्याच गांभीर्याने विचारावं लागतं. हा धडा फार महागात मिळाला.

म्हणून डॉक्टर पुन्हा आयोडिनकडे वळले, कारण आयोडिनला मूत्रपिंडाचा रस्ता होता. तीन सुधारणा महत्त्वाच्या झाल्या.

पहिली, टोचायची पद्धत. १९५३ मध्ये स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगरने एक साधी युक्ती प्रसिद्ध केली: सुईने धमनी टोचा, सुईतून बारीक तार आत सरकवा, सुई काढा, मग तारेवरून नळी आत घाला आणि तार काढा. चिरफाड नको. आजही अँजिओग्राफीला मांडीतून किंवा मनगटातून जातात ते याच तंत्राने.

दुसरी, चित्र साफ करणं. डाय टाकला तरी कवटीची हाडं आणि बरगड्या मध्ये येतातच. हॉलंडच्या झीडसेस देस प्लांटेसने १९३० च्या दशकात डाय टाकण्याआधीची फिल्म आणि नंतरची फिल्म एकमेकांतून वजा केली. हाडं गायब, उरला फक्त डाय. आपण 'डिफ' काढतो तेच हे. १९७० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये चार्ल्स मिस्ट्रेटाच्या गटाने हेच काम संगणकावर आणलं. रिपोर्टवर डीएसए अशी अक्षरं दिसली तर समजा की ही वजाबाकी झालीय.

तिसरी, डायचा रेणू. जुने आयोडिनचे डाय खारे होते. रक्ताच्या कित्येक पट तीव्र, म्हणून धमनीत आग व्हायची. स्वीडनमधल्या माल्मोच्या टोर्स्टेन आल्मेनला समुद्रात पोहताना डोळे उघडले की होणारी जळजळ माहीत होती, आणि कमी खाऱ्या बाल्टिक समुद्रात ती होत नाही हेही. त्याने विचार केला, पाण्यात विरघळल्यावर रेणूचे आयन वेगळे झालेच नाहीत तर कणांची संख्या कमी होईल, तीव्रताही उतरेल. १९६९ मध्ये त्याने ही कल्पना मांडली, तीसुद्धा एका सैद्धांतिक जीवशास्त्राच्या नियतकालिकात. नॉर्वेच्या नीगॉर्ड कंपनीने ती उचलली आणि त्यातून पुढे १९८० च्या दशकात आयोहेक्सॉल आलं. बाबांना टोचलेल्या बाटलीवर हेच नाव होतं.

राहिलं फुप्फुस. फुप्फुसातली गुठळी बघायची तर पूर्वी फोर्समानच्या वाटेने हृदयातून नळी नेऊन थेट फुप्फुसाच्या धमनीत डाय सोडायचे. धाप लागलेल्या रुग्णाला हे करणं म्हणजे जोखीमच. सुटका झाली ती आपल्या बिरादरीतल्या माणसामुळे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा ईएमआय कंपनीतला विद्युत अभियंता, आधी त्यांच्या ईमिडेक संगणकावर काम केलेला. वेगवेगळ्या कोनांतून क्ष-किरण सोडून, गणिताने आतला काप परत उभा करायचा ही त्याची कल्पना. प्रयोगशाळेतल्या सुरुवातीच्या एका चित्राला नऊ दिवस मोजमाप आणि अडीच तास संगणक लागला! १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. १९७९ मध्ये कॉर्मॅकसोबत नोबेल. त्याच्या नावाची मोजपट्टी आजही चालते: पाणी शून्य, हवा उणे हजार. वाहतं रक्त साधारण चाळीस, आणि ताजी गुठळी त्याच्या जरा वर. डॉक्टरबाई म्हणाल्या ते हेच. डाय टाकला की रक्त दोनशे-तीनशेवर जातं आणि गुठळी आहे तिथेच राहते. पांढऱ्या नदीत काळा दगड.

पण डाय फुप्फुसातून काही सेकंदांत पुढे निघून जातो. तेवढ्यात अख्खी छाती टिपायची तर मशीन वेगवान हवं. १९८९ मध्ये जर्मनीत विली कालेंडर यांनी स्पायरल सीटी दाखवला, टेबल सरकत राहतं आणि नळी फिरत राहते. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या लीलच्या मार्टिन रेमी-जार्दां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने, हाताच्या शिरेत डाय देऊन, फुप्फुसाच्या धमन्यांतल्या गुठळ्या दाखवल्या. हृदयात नळी घालायची गरज संपली.

परत त्या रात्रीकडे. बाबांना टेबलावर झोपवलं, हातात सुई. काचेपलीकडून मी बघत होतो. डाय गेला तेव्हा अंगभर गरम वाटलं, असं ते नंतर म्हणाले. स्कॅनला काही सेकंद लागले. उजव्या फुप्फुसाच्या धमनीत दोन गुठळ्या होत्या. रक्त पातळ करणारं औषध रात्रीच सुरू झालं.

मूत्रपिंडांचं काय? डाय बाहेर पडायचा रस्ता एकच, आणि तोच रस्ता अरुंद असेल तर काळजी करावीच लागते. म्हणून तो प्रश्न विचारतात. मात्र पूर्वी वाटायचं तेवढी ही भीती खरी नाही. स्कॅननंतर क्रिएटिनिन वाढलं की दोष डायला दिला जायचा, पण इतक्या आजारी माणसांचं ते डायशिवायही वाढतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि किडनीतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून सांगितलं की हा धोका फुगवला गेला होता. खरी काळजी आहे ती मुख्यतः मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता ३० च्या खाली गेलेल्यांची. (ही क्षमता क्रिएटिनिन, वय वगैरेंवरून काढतात, रिपोर्टवर ती ईजीएफआर म्हणून असते.) बाबांची चाळीसच्या आसपास होती. त्या रात्री मला हे माहीत नव्हतं, डॉक्टरबाईंना होतं. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.९ आलं, आठवड्याने परत १.८.

म्हणून एक व्यवहारातली गोष्ट. घरातल्या मोठ्यांचा शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट कुठे आहे ते माहीत असू द्या, फोनमध्ये फोटो काढून ठेवलात तर उत्तम. आणि सही करण्याआधी विचारा. 'डाय नको' असा हट्ट नको, 'डायशिवाय काय दिसणार नाही' हे विचारा. मला त्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून सही करताना हात थरथरला नाही.

घरी आल्यावर बाबांना ही सगळी गोष्ट सांगितली, थोरोट्रास्टसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझ्या अंगातला तो डाय?"

"दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक सगळा गेला, बाबा. लघवीवाटे."

"बरं झालं," ते म्हणाले. "पाहुण्याने असंच असावं. काम झालं की निघावं."

असो. आज इतकंच. चहा थंड झालाय.